ओलीवर रंग लावायचा नसतो

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. बायको होती तोवर तीसुद्धा म्हणायची, "पेंटर, जेवायला या." त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी 'काका' अशी हाक मारली, तर तो मागे वळून बघायचा, कुठला काका आलाय म्हणून.

जन्मभर त्याने भिंती रंगवल्या. शाळांच्या, कचेऱ्यांच्या, भाडेकरू सोडून गेलेल्या खोल्यांच्या. त्यातून त्याला जे काही कळलं होतं, ते तो भेटेल त्याला ऐकवायचा. विचारलेलं असो वा नसो. भिंत आधी खरवडायची. मग घासायची, मग पुसायची, मग कडकडीत वाळू द्यायची. त्यानंतर रंगाचा हात द्यायचा, आणि तोही पातळ. जाड हात देणारा माणूस आळशी आणि ओलीवर रंग लावणारा सरळसरळ चोर, असं त्याचं मत होतं. या मतापायी त्याने स्वतःच्या पोरीलाही सोडलं नाही. तिला बघायला सासरची मंडळी यायची होती. आदल्या दिवशी भिंतीत ओल निघाली आणि पेंटरने ब्रश धुऊन ठेवले. मंडळी आली ती अर्ध्या खरवडलेल्या भिंतीसमोर बसली. होणाऱ्या विहीणबाईंच्या साडीवर चुना पडला. पेंटर म्हणाला, "वाळू दे, मग रंगवू." लग्न ठरलं, पण विहीणबाई ती साडी विसरल्या नाहीत.

मुलगी शहरात बस चालवायची आणि बापाकडेच राहायची, कारण जावई मालवाहू जहाजावर होता. वर्षातला बराचसा काळ तो फोनच्या पडद्यावरच दिसे, तोही अडकत अडकत. मग नातू झाला. त्याचं नाव चांगलं, कागदोपत्री लिहिण्यासारखं ठेवलं होतं, पण पेंटरने त्याचा पहिल्याच आठवड्यात 'ठेकेदार' करून टाकला. काम काडीचं नाही, आवाज मोठा, आणि सगळं घर याच्या तालावर नाचतंय! पेंटरने आयुष्यात बरेच ठेकेदार सोसले होते. आवडला असा हा पहिलाच.

ठेकेदार तीन-चार महिन्यांचा झाला आणि त्याचे गाल लाल दिसायला लागले. मग कपाळ, मग कानांमागे, मग कोपरांवर. कातडी खरखरीत झाली, पापुद्रे सुटायला लागले. पोर गाल चादरीवर घासायचं, मुठी तोंडावरून फिरवायचं आणि रडायचं. धड त्याला झोप नाही, धड आईला. मुलगी त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी एक्झिमा आहे असं सांगितलं, एक मोठा मलमाचा डबा दिला आणि एक छोटी ट्यूब दिली.

इथवर ठीक होतं. पण मुलीची रजा संपत आली होती. पेंटरने आता शिडी चढणं सोडलं होतं, तेव्हा ती कामावर गेली की दिवसभर पोराला त्याने सांभाळायचं, असं दोघांचं कधीच ठरलं होतं. विहीणबाईंना ते पटलं नव्हतं. त्या दुसऱ्या शहरातून फोन करायच्या. "अगं, एकटा पुरुष माणूस, त्यात पोराची कातडी ही अशी! त्यांना काय जमणार? माझ्याकडे पाठव. वर्षभर मी बघते."

"बरं वाटायला लागलं तर राहील इथेच," मुलगी बापाला म्हणाली. "नाही तर मला पाठवावंच लागेल, बाबा. बस चालवताना डोळा लागून चालत नाही."

मुलगी कामावर गेली की दिवसभर रिकाम्या घरात पेंटरने बायकोमागे काही वर्षं काढली होती, आणि त्यातलं एकही त्याला परत नको होतं. तो म्हणाला, "बघू," आणि ठेकेदाराचा गाल उजेडाकडे वळवून नीट न्याहाळला. पोपडे धरले होते. आता पोपडे धरलेल्या पृष्ठभागाचं काय करायचं, हे पेंटरला कोणी सांगायची गरज होती का?

तर त्याने काम हातात घेतलं. सकाळची आंघोळ त्याच्याकडे होती. पाणी चांगलं गरम, म्हणजे मळ सुटतो. मग खरखरीत टॉवेलने, पण प्रेमाने, पापुद्रे काढायचे. मग तोच टॉवेल पिळून पुन्हा पुसायचं. मग पंख्याखाली ठेवायचं, कानामागचा थेंबन् थेंब वाळेपर्यंत. आणि मग मलमाचा एकच हात, इतका पातळ की लावलाय हे कळूही नये. ठेकेदार बेंबीच्या देठापासून ओरडायचा. पण ठेकेदार ओरडतातच. कुठल्याच ठेकेदाराच्या ओरडण्याने पेंटरने आजवर काम बदललं नव्हतं.

संध्याकाळची पाळी मुलीची. तिचं काम पेंटरला बघवायचं नाही. पोराला पाण्यातून काढलं, टॉवेलने दोनदा टिपलं न टिपलं, की ही बया ओल्या अंगावर पांढरं मलम थापायला लागायची.

"भेगा बुजवायची लांबी भरतेस का भिंतीत?" पेंटर म्हणाला.

"डॉक्टरांनी जाड लावायला सांगितलंय."

"डॉक्टरांनी कधी भिंत रंगवलीये?"

मुलगी हसली. ती दमलेली होती आणि वाद घालायला तिच्यात त्राण नव्हतं. ती जेवायला बसली की पेंटर ठेकेदाराला मांडीवर घ्यायचा, धुऊन मऊ झालेलं एक जुनं सुती फडकं काढायचा आणि जास्तीचं मलम हळूच पुसून घ्यायचा. अगदी कडेपर्यंत. त्याच्या भाषेत ते फिनिशिंग होतं. पोरीच्या हाताला वळण नाही, आपण सांभाळून घ्यावं, उगाच बोलून तिला दुखवू नये, असा त्याचा मोठा समंजस विचार होता.

गाल सुधारले नाहीत. उलट तडकले, आणि एका सकाळी त्यातून पाणी झिरपायला लागलं. मुलीने पोराला दुपट्यात गुंडाळलं. पेंटरही चपला घालून निघाला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या खुर्चीमागे, खिडकीखाली, भिंतीचा रंग फुगून आला होता. पेंटरने तो आत शिरताक्षणी पाहिला. ओलीवर लावलाय, त्याने मनात म्हटलं, आणि डॉक्टरबाईंबद्दल जे ठरवायचं ते ठरवून टाकलं.

डॉक्टरबाईंनी गाल तपासले, कोपर तपासले. "पू नाहीये, ताप नाहीये. पिवळ्या खपल्या आल्या किंवा ताप आला तर लगेच यायचं, थांबायचं नाही. पण कातडी फारच कोरडी आहे हो. मलम लावताय ना?"

"थापते मी," मुलगी म्हणाली. "पांढरा थर दिसेपर्यंत. पण जेवून येते तोवर सगळं गायब. कुठे जातं तेच कळत नाही."

"इतक्या लवकर मुरत नाही ते," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि डबा हातात घेऊन त्यावरचं बारीक अक्षर वाचायला लागल्या. मुलीनेही मान पुढे केली. दोघी मिळून त्या मलमावर संशय घ्यायला लागल्या.

पेंटर फुगलेल्या भिंतीकडे बघत होता. तो गप्प बसला असता तर डबा बदलला असता, एवढंच. पण तडकलेला तो गाल त्याच्या अगदी समोर होता.

"मी पुसतो," तो म्हणाला.

"काय?"

"ती जेवायला बसली की मी पुसतो. जास्तीचं. आणि सकाळी आधी घासतो, वाळवतो, मग लावतो. पातळ."

ठेकेदार मधेच शिंकला.

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर पेंटरला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "असं का करता?"

"ओलीवर लावलं की सुटतं. हे काय, तुमच्या मागे बघा."

डॉक्टरबाई वळल्या. त्यांनी ती भिंत बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिली. मग त्या पुन्हा इकडे फिरल्या. "भिंतीला तुम्ही रंग देता तो पाणी आत येऊ नये म्हणून ना? इथे उलटं आहे. या कातडीत पाणी टिकतच नाही. ते बाहेर जाऊ नये म्हणून आपण मलम लावतो. तुम्ही सगळं पाणी वाळवता आणि मग रिकाम्या घराला कुलूप लावता."

पेंटरने ऐकून घेतलं. डॉक्टरबाईंनी पुढचंही सांगितलं: कोमट पाणी, झटपट आंघोळ, घासणं अजिबात नाही, टॉवेलने नुसतं टिपायचं आणि अंग दमट असतानाच लगेच मलम, भरपूर. दिवसातूनही अधूनमधून लावत राहायचं. लाल चट्ट्यांवर ट्यूब, ती मात्र पातळ, आणि मी सांगेन तितकेच दिवस. नखं कापलेली, कपडे सुती, वासाचं काही नको.

"मग बरं होईल? गॅरंटी?" पेंटरने विचारलं. तो स्वतः प्रत्येक भिंतीची देत असे.

"गॅरंटी नाही. हे येतं, जातं. बरीच मुलं मोठी होताना यातून सुटतात. तोवर रोज करायचं."

बाहेर आल्यावर मुलगी पुढे चालत राहिली. कोपऱ्यावर ती थांबली. "मी रात्र रात्र विचार करत होते, माझंच काय चुकतंय. माझ्या दुधात काही आहे का, माझ्या कपड्यांत काही आहे का. आणि तुम्ही पुसत होता!"

"हो," पेंटर म्हणाला. घरी पोचेपर्यंत तिने विहीणबाईंना फोन केला होता. त्या रविवारी येणार होत्या, नातवाला न्यायला.

पेंटरला फार वाईट वाटलं. भिंत बिघडली तर खरवडून पुन्हा रंगवता येते. हे पोर त्याच्या हाताखाली ओरडत होतं आणि त्याने ते ओरडणं हिशेबातच धरलं नव्हतं. संध्याकाळी तो मुलीसमोर जाऊन उभा राहिला. "रविवारपर्यंत मला करू दे. तू समोर उभी राहा. चुकलो तर हात धर."

तिने दोरीवरचा खरखरीत टॉवेल काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "टॉवेल मऊ घ्या."

पाणी कोपर बुडवून बघितलं, कोमट. ठेकेदाराला बुडवला आणि काढला. टिपला. पाठीवर पाणी चमकत होतं आणि पेंटरचा हात मलमाच्या डब्यावर अडकला. जन्माची सवय ती! त्याने डब्यात बोटं घातली नाहीत. स्वच्छ चमच्याने मलम काढलं, कारण घाणेरडा ब्रश डब्यात बुडवणाऱ्याला तो पूर्वी शिव्या घालायचा, आणि तेवढं तरी इथेही बरोबर निघालं. मग डोळे मिटल्यासारखे करून त्याने ओल्या पाठीवर जाड, बेशरम, आळशी माणसाचा हात दिला. लाल चट्ट्यांवर ट्यूब लावताना मात्र त्याचा हात असा सफाईने, पातळ चालला की मुलगी बघत राहिली.

ठेकेदार ओरडला नाही. तो छताकडे बघत होता आणि स्वतःचा अंगठा शोधत होता. पेंटर डब्याचं झाकण लावत बसला. झाकण केव्हाच लागलं होतं.

रविवारी विहीणबाई आल्या त्या भलीमोठी बॅग घेऊन. पोराची पहिली शांत झोप घरात होऊन गेली होती. गाल अजून गुलाबी होते, कोपरं खरखरीत होती, पण पाणी झिरपणं थांबलं होतं. मुलीने बापाला काही विचारलं नव्हतं, आणि सासूबाईंना येऊ नका असंही सांगितलं नव्हतं. पोराचे कपडे घडी करून पलंगावर ठेवलेले पेंटरने सकाळीच पाहिले होते.

विहीणबाई आंघोळीच्या वेळेलाच पोचल्या. पेंटरने ठेकेदाराला पाण्यातून काढला, टिपला आणि चमचा उचलला.

"अहो, थांबा!" विहीणबाई टॉवेल घेऊन धावल्या. "ओलं आहे ना पोर अजून! नीट पुसा तरी!"

पेंटरने त्यांचा टॉवेल मधेच धरला. "ओलंच असू द्या, विहीणबाई. ओलीवरच लावायचं असतं."

विहीणबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "कोण म्हणतंय हे? तुम्ही? माझी साडी वाया गेली त्या तुमच्या ओलीपायी!"

"हो," पेंटर म्हणाला आणि मलम लावत राहिला. पाठ, पोट, गुडघ्यांमागच्या वळ्या. मग झबलं चढवून त्याने ठेकेदाराला खांद्यावर घेतलं. शर्टाच्या खांद्यावर तेलकट डाग पडला. तो धुऊनही जाणार नव्हता.

मुलगी दारातून हे सगळं बघत होती. ती पुढे आली आणि बोटाची उलटी बाजू तिने पोराच्या गालाला हलकेच टेकवली. रंग वाळला का, हे असंच बघायचं असतं. लहानपणी पेंटरनेच तिला शिकवलं होतं.

"वाळलं?" पेंटरने विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "ओला आहे."

मग तिने पलंगावरची कपड्यांची चळत उचलून परत कपाटात ठेवली, सासूबाईंना म्हणाली, "आई, आलाच आहात तर चार दिवस राहा," आणि उद्याच्या पाळीसाठी आपला गणवेश इस्त्रीला काढला.