अक्कांची गाळणी

कॉम्प्युटर सेक्शनमधले किस्से कीबोर्डमध्ये सांडलेल्या शेंगाचटणीसारखे असतात. साफ करायला घेतलं की कळतं, केवढी साठली होती!

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात हा सेक्शन म्हणजे मी आणि अक्कलकोटचा बिराजदार. तिसऱ्या आल्या लक्ष्मीअक्का. पंधरा वर्षं पॅकिंगला उभं राहून त्यांचे गुडघे गेलेले. मॅनेजर म्हणाले, "कुठल्या मागावर किती टॉवेल खराब निघाले, त्याचा प्रोग्राम महिन्याभरात स्वतः लिहून दाखवा. जमलं तर इथं बसा, नाहीतर परत पॅकिंगला!"

अक्का दहावी शिकलेल्या, पण इंग्रजी म्हटलं की घाम! मग बिराजदारानं पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत सोर्स फिल्टर लिहिला. म्हणजे चहाची गाळणीच. अक्कांनी 'जर', 'नाहीतर' असं मराठीत लिहायचं. प्रोग्राम चालायच्या आधी फिल्टर त्याचं पर्ल करून मशीनला देणार.

"मशीनला कळणारच नाही, तुम्ही मराठीत लिहिलंय!" बिराजदार अक्कांना म्हणाला.

"व्हय? म्हंजे फसवायचंच की तिला!"

*

पहिल्याच दिवशी प्रोग्राम आडवा. बघतो तर अक्कांनी सगळ्यात वर 'श्री' लिहिलेलं, मग अर्धा प्रोग्राम, आणि त्याच्या खाली फिल्टरची ओळ. फिल्टर लागतो फक्त त्याच्या खालच्या ओळींना!

बिराजदार म्हणाला, "अक्का, फिल्टर सगळ्यात वर पाहिजे. श्री खाली घ्या."

"देवाला खाली बसवू? मी जाते पॅकिंगला!"

शेवटी त्यानं फिल्टरची ओळ 'श्री'च्या लगेच खाली आणली आणि 'श्री'च्या आधी एक खूण टाकली. ती दिसली की मशीन ती ओळ सोडून देतं. देव वर राहिले, अक्काही राहिल्या.

*

मग मागाजवळच्या स्क्रीनवर अक्कांच्या प्रोग्रामची सूचना झळकली: "दोरा बदला, else माल खराब होईल." फिल्टरनं सूचनेतलासुद्धा 'नाहीतर' बदलला होता!

माग चालवणारे चाचा अक्कांना म्हणाले, "तुमारी मशीन कॉन्व्हेंट में जाती क्या?"

*

बिराजदारला मग चढलीच. घरी कन्नड, म्हणून एक कन्नड फिल्टर. अक्कांच्या घरी तेलुगू, म्हणून तिसरा. तिन्ही एकाच फाइलला लावले. मी चहा पिऊन, वर पान खाऊन आलो, तरी मशीन विचारच करतंय!

"एक टॉवेल मोजायला तीन दुभाषी कशाला रे?" मी म्हणालो. दोन फिल्टर त्यानं गुपचूप काढले. मराठी तेवढा ठेवला.

*

महिना संपला. मॅनेजर चष्मा पुसत आले. अक्कांनी प्रोग्राम चालवला. मागानुसार खराब टॉवेलची यादी सरसर आली. मॅनेजरांनी चार आकडे रजिस्टरशी ताडून पाहिले. बरोबर!

"शाब्बास! आता तुमचं ते मराठी दाखवा."

अक्कांनी फाइल उघडली. वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरं. वरचा 'श्री' आणि ती सूचना सोडली, तर मराठीचा एक शब्द नाही!

बिराजदार गडबडला. "अक्का, माझा फिल्टर कुठं गेला?"

"काढला की परवाच," अक्का म्हणाल्या. "मधी उगंच येळ खात हुता."