उन्हातली घोळ, सावलीतली घोळ

दारात आली की ती चपलांचे तळ ब्रशने झाडायची. तणाचं बी चपलेला चिकटून कुठेही जातं म्हणून. कुणाच्या कपड्याला कुसळ दिसलं की बोलता बोलता काढून घ्यायची. रस्त्याच्या भेगेत नवं पान दिसलं की पिशवी खाली ठेवून वाकायची. गल्लीत तिला सगळे तणवहिनी म्हणत.

बी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. तणांचं बी ओल्या कागदावर मांडायचं. काही उजेडात, काही काळ्या कागदात गुंडाळून, काही थंड कपाटात. कुठलं कधी जागं होतं ते बघायचं. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. नवरा परगावी नोकरीला. धाकटा दीर अधूनमधून मदतीला यायचा.

इतकी वर्षं तिने प्रयोगशाळेतल्या साहेबांचेच प्रश्न सोडवले होते. यंदा पहिल्यांदा तिचा स्वतःचा एक होता. उन्हात वाढलेल्या घोळीच्या तणाचं बी आणि सावलीतल्या घोळीचं बी सारखंच रुजेल का? की आईने सोसलेलं ऊन लेकराच्या झोपेत उतरतं? साहेबांनी होकार दिला, जागा दिली नाही. तिने घरामागे दोन वाफे केले. एकावर जुनी चादर ताणली. बोंडं पिकायला आली होती.

त्या दुपारी ती परतली, तर मागचं अंगण लख्ख. दीर घाम पुसत उभा.

"वहिनी, बघा! एक काडी ठेवली नाही. नुसतं तण माजलं होतं. चादरपण धुवायला टाकली."

तिने पिशवी खाली ठेवली.

"भावजी, ते मी लावलं होतं."

"घोळ?"

"घोळच."

"तण कुणी लावतं का हो!" तो हसला, आणि तिचा चेहरा बघून त्याने कपाळावर हात मारला. "पाजळले मी अकलेचे दिवे."

"जाऊ द्या. चिडायलासुद्धा त्राण नाही माझ्यात."

कुंपणाशी सगळ्याचा एकच ढीग पडला होता. घोळ चिवट; उपटली तरी देठातल्या पाण्यावर बोंडं पिकवते. बी हातचं गेलं नव्हतं. फक्त ऊन आणि सावली एकत्र झाली होती.

ती तिथेच बसली. लालसर, जाड देठांची उन्हातली उजवीकडे. हिरवी, लांबट सावलीतली डावीकडे. चादरीच्या कडेची रोपं धड इकडची नव्हती, धड तिकडची नव्हती. ती उचलायची, बघायची, परत ठेवायची.

"अगं, आत ये जरा," सासूने हाक मारली.

"आलेच."

दीर पाणी घेऊन आला तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती. हातात रोप होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

निम्मा ढीग निवडायचा राहिला आहे. दीर कुणाला त्याला हात लावू देत नाही. त्यातली बोंडं आता उकलताहेत. काळं, बारीक बी खाली मातीत पडतं आहे, उन्हातलं आणि सावलीतलं, एकाच जागी.