पोथी उघडेपर्यंत दोन चहा

सेनगावच्या आमच्या कम्प्युटर क्लासचे किस्से दाराबाहेरच्या चपलांसारखे साचलेत. निम्मे एकट्या सलीमचे. दोन हजार सालानंतरचे दिवस. मी शिकवायचो, तो प्रोग्राम लिहायचा.

एकदा किसनमामा आले. सप्त्यात पोथी वाचायचा मान त्यांचा, पण नजर अधू झालेली. गावानं बजावलं होतं, "औंदा अडखळलात तर मान दत्तरावाला!" सांगताना मामांचे डोळे भरले.

सलीम म्हणाला, "मामा, फिकीर करू नका. पडद्यावर बोराएवढं अक्षर करून देतो!"

*

पोथी टाईप झाली, ही लांबलचक! सलीमचा पहिला प्रोग्राम ती अख्खी एकदम उघडायचा. क्लिक करून आम्ही चहाला गेलो. परत आलो तर पडद्यावर वाळूचं घड्याळ तसंच! पुन्हा चहा. शेवटी हॉटेलवालाच विचारायला लागला, "उघडली का न्हाई अजून?"

*

मग सलीमनं डोकं लावलं. समोरचं पान आणि मागचं-पुढचं एकेक, एवढंच उघडायचं. पोथी झरझर सरकायला लागली.

मामांनी सवयीनं बोटाला थुंकी लावली आणि पडद्यावर घासली. "पान उलटून न्हाई राहिलं की रे!"

सलीमनं रुमालानं काच पुसली आणि हळूच बटण दाबलं. "आता बघा, उलटलं!"

*

पोथी एवढी मोठी, की पानं सरकवायच्या बाजूच्या पट्टीवरचा ठोकळा तिळाएवढा झाला. मामा चिडले, "किती राहिली ते कसं कळावं? हाताला जाडीच न्हाई!"

सलीमनं कोपऱ्यात उरलेल्या पानांचा आकडा दाखवला.

"हां, बराबर! आता सैपाक कधी चढवायचा ते बायकांना सांगता येईल."

*

सप्त्याचा शेवटचा दिवस. कम्प्युटर देवळात. मामा खणखणीत वाचत होते, मानावर डोळा ठेवून दत्तराव समोरच बसलेले. अखेरचा अध्याय निम्मा झाला, बाहेर पत्रावळी मांडल्या आणि लाईट गेली! सलीमच्या तोंडचं पाणी पळालं.

मामांचा आवाज मात्र थांबेना. डोळे मिटून त्यांनी अध्याय पुरा केला! जयघोष झाला, माणसं उठली, तेवढ्यात लाईट आली.

"बसा खाली," मामा म्हणाले. "हे पाठ म्हणणं झालं. वाचणं कुठं झालं?"

भुकेल्या सगळ्यांनी आशेनं कम्प्युटरकडे पाहिलं, पोथी उघडेपर्यंत जेवण तरी उरकेल! तो सुरू झाला आणि लाईट गेली होती नेमकी त्याच ओवीवर पोथी क्षणात उघडली!

दत्तरावांनी हात जोडले. "मामा, मान जन्मभर तुमचाच! पण सलीमभाई, तुमी ही एवढी फास्ट काहून केली?"