द्विशिक्षकी संसार

नवरा-बायको एकाच शाळेत शिकवायला असले की किस्से जमवावे लागत नाहीत. ते हजेरीसारखे रोजच्या रोज भरत जातात.

सहा वर्षं मी सेनगाव तालुक्यात आणि बायको, सुनीता, वसमतकडं अशी ओढाताण झाली. मग पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीतून दोघांना हट्ट्याजवळची एक द्विशिक्षकी शाळा मिळाली. सुनीता सीनियर, म्हणून मुख्याध्यापिकेचा चार्ज तिच्याकडं, मी हाताखाली. घरी काही फरक पडला नाही.

*

मेव्हण्याचं लग्न निघालं. रजा दोघांपैकी एकालाच मिळणार. मी रीतसर अर्ज दिला. सुनीतानं तो वाचून बाजूला ठेवला.

"सर, नवरदेव माझा भाऊ आहे."

लग्न मी मधल्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवर बघितलं. अक्षता खिचडीच्या तांदळातल्या टाकल्या.

*

एकदा सकाळी सिलेंडरवरून भांडण झालं. वसमतपासून शाळेपर्यंत मोटारसायकलवर एक शब्द नाही. शाळेत सूचनावही माझ्यासमोर आली. 'सरांनी परतताना दूध आणावे.' खाली सही-शिक्का! मीही 'वाचले' लिहून सही केली.

पुढं तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग, आणलं का?"

*

आमची ईशा दुसरीत, माझ्याच वर्गात. शाळेत आई-बाबा म्हणायचं नाही, सर-मॅडम म्हणायचं, हा आमचा नियम. पोरगी त्यात इतकी मुरली की एका रविवारी पाहुण्यांसमोर मला म्हणाली, "सर, मॅडम बोलावून राहिल्या. कांदे चिरायचेत."

पाहुणे हसत बसले. मी कांदे चिरले.

*

मग पालक सभा आली. प्रत्येक लेकरू आपापल्या आईबापाला चिकटून सतरंजीवर बसलेलं. आम्ही दोघं प्रगतिपत्रकं घेऊन टेबलामागं. ईशा खांबापाशी एकटीच.

खिचडी शिजवायला नव्यानंच लागलेल्या शेवंताबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, सगळ्यांचे मायबाप आले. या लेकराचं कुणीच न्हाई आलं."

इतकी वर्षं एकत्र येण्यासाठी धडपडलो, आणि पोरीच्या शेजारी बसायला कुणी नाही.

शेवटी सुनीतानं ईशाचं नाव पुकारलं. मी टेबलामागून उठलो आणि सतरंजीवर तिच्याशेजारी मांडी घालून बसलो. तिनं माझी बाही घट्ट धरली.

"मॅडम," मी विचारलं, "आमची पोरगी अभ्यासात कशी आहे?"

सुनीतानं प्रगतिपत्रक उघडलं.

"हुशार आहे," ती म्हणाली. "घरी थोडं लक्ष देत जा. दोघांनीही."