लसीला नेलेलं बाळ

माझ्या मुलाचं नाक हुबेहूब माझ्यावर गेलंय, हे मी चारचौघांत पहिल्यांदा सांगितलं ते दुसऱ्याच्याच मुलीला हातात घेऊन.

त्याचं असं झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रेश्मा, म्हणजे आमची मंडळी, कवठे येमाईला. दीड महिना झाला तरी सासूबाई तिला आमच्या घरी वडगाव रासाईला धाडायचं नाव घेईनात. "जावईबापू, तुम्हाला बाळ धरता तरी येतंय का?" कारखान्यात मी चुकीचे पार्ट वेचून बाजूला काढतो, आणि मला बाळ धरता येत नाही होय? म्हटलं, "मामी, उद्या लसीला मीच नेतो. नीट नेलं तर रेश्माला धाडायची."

"बरं. मी नुस्ती संगं येते."

उपकेंद्रात ही गर्दी. सतरंजीवर ओळीनं बाळं, आणि सगळी बाळंतपणात मिळालेल्या सरकारी पेटीतल्या त्याच पिवळ्या टोपीत, त्याच दुपट्यात, गालाला तीच काजळाची तीट. (एकाच साच्यातला माल.) मी आमचे चिरंजीव खाली ठेवले, त्यांचा फोटो काढला, मित्रांच्या ग्रुपवर टाकला, कुणाकुणाचे अंगठे आले ते बघत बसलो, आणि तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. बाळ उचललं आणि निघालो.

"सिस्टर, जरा हळू टोचा. आमच्या घराण्याचं नाक हाय, रडलं की लाल होतंय."

सिस्टरनी कार्ड वाचलं, मांडीवर टोचायला दुपटं सोडलं आणि पुन्हा कार्ड वाचलं. "कार्डावर मुलगा लिहिलाय."

"मुलगाच हाय."

"मग हे काय हाय?"

मी बघितलं. तेवढ्यात मागून एक आजी ओरडल्या, "अवं, माझी नात कुठं चालवली त्यानं?" नात त्यांच्या हवाली केली. सतरंजीवरचं एकेक दुपटं सोडून बघत सुटलो. बाया हाणायच्या बेतात! एकीनं तर चप्पलच काढली. आमचं बाळ कुठंच नाही. खरं सांगतो, मला रडायलाच आलं.

कोपऱ्यात सासूबाई निवांत बसल्या होत्या, पदराखाली बाळ. "तुम्ही फोनात तोंड घातलं तवाच उचलला मी ह्याला."

"मग मामी, सांगायचं न्हाई व्हय?"

"म्हटलं, बघू तरी कवा ध्यानात येतंय."

लस टोचून झाली. घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही. दारात चपला काढता काढता सासूबाई म्हणाल्या, "रेश्मे, पिशवी भर. उद्या सासरी जायचं."

मला काही कळेना. "म्हंजी... मी पास झालो?"

"न्हाई वो. पण असल्या माणसाला एकटं ठेवायचं म्हंजी जिवाला घोर. बाळाकडं बघायला हितं समदी हायेत. तुमच्याकडं तिथं कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी मी बायको-पोराला घेऊन घरी आलो आणि गावभर पेढे वाटले. नापास झाल्याचे पेढे वाटणारा तालुक्यात मी एकटाच असेन.