क्लच जड लागतोय

माझ्या नवऱ्याचा डावा पाय जात होता आणि आम्ही महिनोन्‌महिने गाडीचा क्लच दुरुस्त करत होतो. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग चपापतो. मला त्या हसण्याचा राग येत नाही. मीही हसलेच होते.

गाडी आमची नव्हती, इथून सुरुवात करायला हवी. नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर होता. कंपनीनं साहेब लोकांना लीजवर गाडी घ्यायची सोय केली होती. गाडी लीज देणाऱ्यांच्या नावावर, हप्ता पगारातून परस्पर कापला जाणार आणि मुदत संपली की गाडी होती तशी परत. बाकीच्यांनी पोराबाळांना बसायला ऐसपैस गाड्या घेतल्या. आमच्या साहेबांनी घेतली बुटकी, लाल, टर्बो इंजिनाची, जिच्यात मागं बसलं की गुडघे हनुवटीला लागतात.

गावी, देवगाव रंगारीला नेली तेव्हा सासऱ्यांनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मग विचारलं, कागद कुणाच्या नावावर आहे. सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजी बटईचं रान म्हना की." त्यांची निम्मी जमीन बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेली, त्यामुळं हा व्यवहार त्यांना आमच्याआधी कळला. पुढं जेव्हा त्यांच्या कानावर आलं की पोरगं गाडीचं इंजिन बदलून घेतंय, तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "दुसऱ्याच्या रानात कुनी हिर खंदतं का रं?"

नवऱ्यानं विहीर खंदलीच. पडेगावला एक गॅरेजवाला होता. घर मेंढपाळाचं, बाप अजून कळप घेऊन रानोमाळ फिरणारा, आणि हा लॅपटॉप जोडून इंजिनाच्या डोक्यातला प्रोग्रॅम बदलायचा. त्यानं गाडीला मूळच्यापेक्षा बरीच जास्त ताकद येते, एवढंच मला समजलं. मग सायलेन्सर आणि आणखी काही पार्टही बदलले. लीजच्या कागदात स्पष्ट होतं की गाडीत कसलाही फेरफार चालणार नाही. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ पार्ट गोणपाटात गुंडाळून आमच्या दिवाणात ठेवलेला असायचा. पाहुणे आले की गाद्या-गोधड्या कपाटातून काढायच्या, कारण दिवाणात सायलेन्सर झोपलेला.

वाढलेली ताकद मूळ क्लचला पेलेना, तो घसरायला लागला. मग त्याच्या जागी कडक क्लच आला. बसवताना गॅरेजवाल्यानं बजावलं होतं, "भाऊ, ह्यो लई जड राहतो बरं का. पाय भरून येईल पहिलं पहिलं. मग सवय व्हती." बिचाऱ्यानं खरं तेच सांगितलं होतं, पण त्या एका वाक्यानं आमचा घात केला.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते, खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळी आम्ही दौलताबादच्या रस्त्याला निघायचो. मोकळा रस्ता दिसला की तो गिअर टाकायचा आणि माझी पाठ सीटला चिकटायची. मी ओरडायचे, शिव्या घालायचे आणि पुढच्या रविवारी त्याच्याआधी तयार होऊन बसायचे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा-बायकोला एकमेकांसोबत हसायला काहीतरी कारण लागतं. आमचं कारण भाड्याचं होतं.

सवय झाली म्हणता म्हणता तो कुरकुरायला लागला. क्लच जड लागतोय. पडेगावला गेलो. गॅरेजवाल्यानं क्लचचं ऑइल बदललं, नळीतली हवा काढली, स्वतः चक्कर मारून आला आणि म्हणाला, "भाऊ, मला तर कायीच नाय वाटत." नवरा म्हणाला, "तुझं काय सांगतो! तुझे पाय मेंढरांमागं घडलेले." दोघंही हसले. पुढं प्रत्येक वेळी हेच झालं. गॅरेजवाल्याला क्लच हलका लागायचा आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की दोष आपल्या दणकट पायांचा आहे. त्यानं क्लचचा सिलेंडर बदलला. मग अख्खा क्लच उतरवून जरा नरम बसवला, त्याचे पैसेही घेतले नाहीत, कारण गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. थोडे दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच. अजून जड लागतोय.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली असती तर पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं असतं, साहेब, क्लच ठीक आहे. पण तिथं नेली की बॉनेट उघडणार, केलेला उद्योग दिसणार आणि लीजवाल्यांना कळणार. चोराच्या मनात चांदणं. आम्ही त्या रस्त्यानंसुद्धा जात नव्हतो.

घरात त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटायची. तो पुढं जायचा, चप्पल मागं राहायची. मी म्हणायचे, लक्ष कुठं असतं तुझं, त्या लाल सवतीकडं? जिना चढताना पायरीला पाय अडखळायचा. सासूबाई म्हणाल्या, गाडीत बसून बसून पाय बसला पोराचा. आम्ही सगळ्यांनी त्या पायाची यथेच्छ थट्टा केली. मला ती गाडी तो चालवू द्यायचा नाही, म्हणायचा, "तुला झेपायचा नाही तो क्लच." मीही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

मग एका दुपारी जालना रोडवर, मुकुंदवाडीच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद पडली. मागून हॉर्नचा गलका सुरू झाला. एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, "अरे भाई, चलाना नै आता तो काय कू लेके निकले!" मी नवऱ्याकडं पाहिलं. तो दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली दाबत होता. घामानं शर्ट भिजला होता.

"उतर," मी म्हणाले, "मी बघते."

तो वाद न घालता उतरला, हेच मला नवल वाटलं. मी सीट पुढं ओढली, दातओठ खाऊन सगळा जोर लावला आणि क्लच दाबला. पेडल भसकन खाली गेलं. जोर इतका लावला होता की मीच पुढं झुकले.

मला हसूच आवरेना. "एवढंच? ह्याच्यासाठी पडेगावच्या चकरा? अरे, माझ्या पायाला तर लोण्यासारखा लागतोय! आणि म्हणे मला झेपायचा नाही!" सिग्नल सुटला, मी गाडी चालवत होते आणि त्याला टोमणे मारत होते. कितीतरी महिन्यांचा सूड होता तो. घराच्या गल्लीत वळेपर्यंत मी बोलत होते.

गाडी लावून त्याच्याकडं पाहिलं तर त्यानं पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर ओढले होते आणि पोटऱ्या शेजारी शेजारी धरून बघत होता.

"हा बारीक झालाय का गं?" त्यानं विचारलं.

झाला होता. डावी पोटरी उजवीच्या निम्मीसुद्धा राहिली नव्हती. एका घरात, एका अंथरुणात राहून मी ती पाहिली नव्हती.

पुढचं डॉक्टरांचं सगळं लांबवत नाही. आधी शहरात, मग पुण्याला. सुया टोचून स्नायू तपासले. मज्जातंतूंचा आजार निघाला. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशीच मरत जातात, आधी एक पाय, मग दुसरा, मग हात, गिळणं, श्वास. औषध असं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून जाणवतंय? नवरा म्हणाला, "क्लच बदलला तेव्हापासून." डॉक्टरांना काही कळेना. मी समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

लोक समजूत घालतात की लवकर कळलं असतं तरी काय फरक पडला असता. मला ही समजूत नको असते. औषधाला फरक पडला नसता, कबूल. पण त्या महिन्यांत मी त्याच्याशी भांडले नसते. त्याला जिन्यावर हात दिला असता.

गॅरेजवाल्याला कळलं तेव्हा तो घरी आला. चहा हातात तसाच धरून बसला. मग म्हणाला, "भाऊ, मी जड क्लच टाकला म्हनून तर नाय ना झालं?" नवऱ्यानं समजावलं, मी समजावलं, रिपोर्ट दाखवला. त्यानं मान डोलावली आणि निघताना दारात मला पुन्हा तेच विचारलं. नंतर फोन आला की तब्येतीची चौकशी करून झाल्यावर शेवटी त्याच प्रश्नावर यायचा. तो प्रश्न त्याच्या डोक्यातून कुणालाच काढता आला नाही.

नोकरी सुटली, तशी गाडी परत करायची वेळ आली. तोवर डावा पाय पूर्ण गेला होता, उजवाही भरवशाचा नव्हता. गॅरेजवाल्यानं दिवाणातले सगळे पार्ट नेले आणि गाडी मूळपदावर आणायला घेतली. शेवटी मूळ क्लच बसला, त्या दिवशी नवऱ्यानं हट्ट धरला, मला दाबून बघायचंय. गावाकडून सासरे आले होते. त्यांनी आणि गॅरेजवाल्यानं मिळून त्याला उचललं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

नवऱ्यानं पँट मुठीत धरून डावा पाय उचलला आणि पेडलवर ठेवला. गॅरेजवाला उघड्या दारापाशी उकिडवा बसला होता, त्याची नजर पेडलवर होती. मी दुसऱ्या बाजूनं वाकून बघत होते.

"दाबतो हं," नवरा म्हणाला.

त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यानं स्टिअरिंग घट्ट आवळलं. पेडल जागचं हललं नाही.

त्यानं श्वास सोडला आणि गॅरेजवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता झाला बघ हलका. तुझ्या क्लचनं माझ्या पायाला काही झालेलं नाही, तुझा काही दोष नाही."

गॅरेजवाला पेडलकडं बघत राहिला. मग खांद्यावरच्या फडक्यानं त्यानं तोंड पुसलं. "व्हय भाऊ," तो म्हणाला, "झाला."

सासरे गाडीच्या मागं उभे होते, तिथून त्यांना आतलं दिसत नव्हतं. मी सरळ झाले, तसे ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "दाबला का माय त्यानं?"

"हो मामा," मी म्हणाले, "दाबला."