कापसाच्या गोदामाचे नट-बोल्ट

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात पोलीस निरीक्षक होतो. शहराबाहेर कापसाच्या एका गोदामाला भरदुपारी आग लागली. नट-बोल्टांनी जोडलेल्या लोखंडी कैच्यांवरचं, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवरचं छप्पर कोसळलं आणि चौकीदार त्याखाली सापडून मेला.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्यानं बातमी आणली. आगीच्या आदल्या दिवशी गोदामाचा फिटर पाना घेऊन शिडीवर चढला होता. गोदामाला दुसरं दार हवं म्हणून यानंच मजुरांना घेऊन काम बंद पाडलं होतं. "त्यानंच नट ढिले केले आणि आग लावली," असा जबाब मॅनेजरनं दिला. मी फिटरला अटक केली.

चौकशीत त्यानं मान खाली घातली नाही. "चढलो होतो ना साहेब. मॅनेजरनंच सांगतलं मले, नट कसून घे म्हणून. मी कसले. ढिले केले असं मेलो तरी म्हणणार नाही."

त्याची बायको ठाण्यात डबा घेऊन आली. रडली नाही, गयावया केली नाही. "काहून धरलं त्याले? दार मागतलं म्हणून? ते दार असतं तं चौकीदार आज जिता असता."

मी पंचांना घेऊन पुन्हा घटनास्थळी गेलो. राखेतून बोल्ट वेचले, सीलबंद केले आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांकडे पाठवले. तपासणीनंतर त्यांनी मला बोलावलं आणि एक बोल्ट हातात दिला.

"आगीत लोखंड मऊ पडतं. हा मधे बारीक होऊन तुटलाय, आणि नट अजून जागच्या जागी आहे. नट ढिला असता तर बोल्टवर ताणच आला नसता."

"म्हणजे नट कसलेले होते?"

"चांगले कसलेले. छप्पर आगीनं पाडलंय, पान्यानं नाही."

मी खबऱ्याला परत बोलावलं. ही बातमी मॅनेजरनंच त्याच्या कानावर घातली होती. पुढे मॅनेजरही बोलला. छताखालच्या वायरमधून ठिणग्या पडतात, ही तक्रार त्याच्याकडे आणि मालकाकडे आधीच गेली होती. दोघांनीही काही केलं नव्हतं.

वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "फिटरवर खुनाचं दोषारोपपत्र पाठवा. मालक मोठा माणूस आहे."

"सर, तसा लेखी आदेश द्या."

आदेश आला नाही. पुराव्याअभावी फिटरला सोडावं असा अहवाल मी न्यायालयात दिला, आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल मॅनेजर व मालकावर दोषारोपपत्र दाखल केलं. खटला उभा राहण्याआधीच माझी बदली झाली. मॅनेजरला शिक्षा झाली, मालक सुटला. फिटर मात्र सुटल्या दिवशीच मजुरांना घेऊन गोदामाच्या फाटकावर जाऊन बसला. नव्या गोदामाला दोन दारं ठेवावी लागली.

खबर खरी असली म्हणून तपास संपत नाही, हे मी तिथे शिकलो. शिडीवरचा माणूस साऱ्यांनी पाहिला होता. तो कशाला चढला, हे कोणी विचारलं नव्हतं.

बदलीच्या गावी सामान उतरवताना पत्नीनं विचारलं, "पुन्हा असं प्रकरण आलं तर?"

मी म्हटलं, "ट्रंका रिकाम्या करूच नकोस."